सोसायटीच्या मेलवर तेच तेच फसवे मेल पुन्हा पुन्हा येतात: कारणं आणि उपाय

मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून ऑफिसचा मेल मी बघते. आसपासच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, खजिनदार भेटले की एक तक्रार हमखास ऐकू येते, "अहो ताई, ब्लॉक केला होता, तरी तोच मेल परत आलाय." कधी आज रात्री वीज तोडणार असतात, कधी बँकेचं केवायसी संपलेलं असतं, कधी प्राप्तिकराचा रिफंड अडकलेला, कधी कुरिअरचा पत्ता अपुरा. नाव आणि लोगो बदलत राहतात, खालचं 'येथे क्लिक करा' मात्र कायम. घरच्या मेललाही हे सगळं लागू आहे. पण सोसायटीच्या खात्यात सगळ्या सभासदांचा मेंटेनन्स आणि सिंकिंग फंड असतो, आणि तो मेल उघडणारे बहुतेक जण पदरचा वेळ देऊन काम करणारे ज्येष्ठ असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ब्लॉक करून का थांबत नाही

ब्लॉक होतो तो पाठवणाऱ्याचा पत्ता, आणि या लोकांना नवा पत्ता तयार करायला काही पडत नाही. ई-मेल ज्या पद्धतीने पोचवला जातो तिचे मूळ नियम १९८२ सालचे आहेत. त्यात पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव काय लावावं याची तपासणीच नव्हती. पाकिटावर प्रेषक म्हणून कुणीही कुणाचंही नाव लिहावं तसा हा प्रकार. पुढे एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या तपासण्या आल्या. मेल खरोखर त्यावर लिहिलेल्या डोमेनवरून (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून) आलाय का, ते त्या बघतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना त्या सक्तीच्या केल्या. बँकेचा खराखुरा पत्ता वापरून मेल पाठवणं त्यामुळे अवघड झालं आहे.

मग चोर स्वतःचं नवं डोमेन विकत घेतो, त्याच्या तिन्ही तपासण्या रीतसर पास करून घेतो आणि दिसणारं नाव तेवढं बँकेचं लावतो. म्हणून जीमेलमध्ये मेलच्या तीन टिंबांच्या मेन्यूतून 'शो ओरिजिनल' उघडून तीन ठिकाणी 'पास' दिसलं, तरी निश्चिंत होऊ नका. हा मेल खरोखर त्या डोमेनवरून आला, एवढंच ते 'पास' सांगतं. ते डोमेन कुणाचं, हे तुम्हालाच बघावं लागतं. 'फेल' दिसलं तर मात्र जास्तच सावध व्हा.

ब्लॉक करण्यापेक्षा मेल उघडून तीन टिंबांच्या मेन्यूतून 'रिपोर्ट फिशिंग' करा. त्याने फिल्टरला त्या मेलची घडण कळते, पत्ता कोणताही असो. फसव्या मेलच्या तळाशी असलेल्या 'अनसबस्क्राइब'ला हात लावू नका. ते दाबलं की या पत्त्यावर जिवंत माणूस बसलाय आणि तो मेल उघडून वाचतो, एवढी पक्की बातमी पलीकडे जाते, आणि तीही एक लिंकच असते. मेलमधलं चित्र उघडल्यानेही हीच बातमी जाऊ शकते. जीमेलच्या सेटिंगमध्ये बाहेरची चित्रं विचारल्याशिवाय दाखवू नयेत असा पर्याय आहे, तो चालू करून ठेवा.

दुसरं कारण असं की पत्ता आधीच सगळीकडे पसरलेला असतो. सोसायटीचा मेल लेटरहेडवर असतो, गेटवरच्या बोर्डावर असतो, रंगकामाच्या टेंडरच्या जाहिरातीत असतो. एकदा यादीत गेलेला पत्ता परत काढता येत नाही. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेल्या 'हॅव आय बीन पोन्ड' या साइटवर आपला पत्ता टाकला, तर तो कोणकोणत्या डेटाचोरीत बाहेर पडला ते कळतं.

यावर आमच्याकडे सर्वांत उपयोगी पडलेला उपाय सांगते. मेलचे पत्ते दोन करा. एक जगजाहीर, लेटरहेडवरचा. दुसरा फक्त बँक, वीज, पाणी आणि मालमत्ता कर यांच्यासाठी, जो कुठेही छापायचा नाही, सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकायचा नाही. हे झालं की जगजाहीर पत्त्यावर 'बँके'कडून आलेला मेल खोटा ठरवायला वाचावासुद्धा लागत नाही, कारण बँकेकडे तो पत्ताच नाही.

लिंक वाचायची कशी

हे नीट शिकून घ्या, कारण लोगो, रंग, सही, शिक्का सगळं हुबेहूब उतरवता येतं. खऱ्या संस्थेचं डोमेन मात्र चोराला मिळत नाही.

कॉम्प्युटरवर लिंकवर फक्त माउस नेऊन ठेवा, दाबू नका. खरा पत्ता ब्राउझरच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसतो. फोनवर लिंकवर बोट दाबून धरलं की पत्ता समोर येतो. नुसती टिचकी मारली तर लिंक उघडेल, तेव्हा सावकाश. बटणावर किंवा निळ्या अक्षरांत काय लिहिलंय याला काही किंमत नाही. तिथे बँकेचा अख्खा पत्ता लिहून आत दुसराच ठेवता येतो.

पत्ता दिसला की सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढची पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा. तिथून उजवीकडून डावीकडे वाचत या. एक नमुना घेऊ. 'तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप' आणि मग तिरकी रेघ, पुढे 'लॉगिन'. डावीकडून वाचणाऱ्याला बँकेचं नाव लगेच दिसतं आणि मन तिथेच थांबतं. उजवीकडून वाचलं तर आधी 'टॉप', मग 'केवायसी-अपडेट'. या पत्त्याचा मालक 'केवायसी-अपडेट डॉट टॉप' आहे. त्याच्या डावीकडे काय लिहायचं ते तो मालक ठरवतो. तिथे तो रिझर्व्ह बँकेचंही नाव टाकू शकतो. तिरक्या रेघेच्या उजवीकडचा मजकूरही त्याच्याच मर्जीचा. 'डॉट को डॉट इन', 'डॉट गव्ह डॉट इन', 'डॉट बँक डॉट इन' असा शेवट असेल तर मालकाचं नाव त्याच्या लगेच डावीकडे असतं.

शेवटचा प्रकार मुद्दाम लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन'वर न्यायला सांगितलं होतं. हे डोमेन फक्त बँकांना मिळतं आणि त्याची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच करते. एरवीचं 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' कुणालाही थोड्याशा पैशात मिळतं, हे मिळत नाही. सरकारी कामासाठी तसंच 'डॉट गव्ह डॉट इन'. वाहतुकीच्या चलानाचं उदाहरण घ्या. महाराष्ट्राची ई-चलान साइट 'महाट्रॅफिकईचलान डॉट गव्ह डॉट इन' आहे. चलानच्या मेलमध्ये किंवा मेसेजमध्ये याहून वेगळं काही दिसलं तर पैसे भरू नका. गाडीचा नंबर घेऊन स्वतः त्या साइटवर जा आणि बाकी दंड आहे का ते बघा.

अक्षरांच्या चलाख्या वेगळ्या. रोमन लिपीत 'आर' आणि 'एन' शेजारी आले की फोनच्या लहान पडद्यावर 'एम' वाटतो. 'ओ'च्या जागी शून्य येतो, 'एल'च्या जागी कॅपिटल 'आय'. रशियन लिपीतला 'ए' तर रोमन 'ए'सारखाच दिसतो, डोळ्यांना फरक कळतच नाही. इथे नजरेवर विसंबून चालत नाही, पण ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्ड कामाला येतो. ज्या साइटसाठी पासवर्ड साठवलाय, तंतोतंत त्याच डोमेनवर तो आपोआप भरला जातो. एरवी भरला जाणारा पासवर्ड आज भरला गेला नाही, तर हाताने टाइप करू नका. आधी पत्ता तपासा. पासकीही (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची सोय) त्या त्या डोमेनशी बांधलेली असते, ती खोट्या पानावर चालतच नाही. ज्येष्ठ मंडळींना पासवर्ड साठवायची भीती वाटते, पण त्यांच्यासाठी तर याचा फायदा मोठा आहे असं माझं मत आहे.

आणि ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्रावर जाऊ नका. तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्यामध्ये कुणी ऐकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडचा साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. लोकांचा हा गैरसमज ओळखून क्रोमने २०२३ मध्ये ते चित्रच पत्त्याच्या पट्टीवरून काढून टाकलं.

मजकुरावरून ओळखता येतं का?

पूर्वी येत असे. "प्रीय ग्राहक तूमचे खाते बंद करन्यात येइल" असली मराठी दिसली की मेल कचऱ्यात. आता यंत्राकडून शुद्ध, नम्र, अगदी शासकीय वळणाची मराठी लिहून मिळते. व्याकरण बरोबर आहे म्हणून मेल खरा, हा हिशेब सोडून द्या.

त्यापेक्षा मेल तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतोय ते बघा. घाई आहे का? भीती किंवा फुकटचा लाभ आहे का? आणि नेहमीची वाट सोडून दुसऱ्याच वाटेने पैसे भरायला किंवा माहिती द्यायला सांगतोय का? हे तिन्ही एकत्र असले की बाकी काही तपासत बसायची गरज नाही.

मुंबईत विजेच्या मेलबाबत एक सोपी खूण आहे. शहर भागात बेस्ट, उपनगरांत मुख्यतः अदानी आणि टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडला महावितरण अशी विभागणी आहे. चोराला तुम्ही कुठे राहता हे ठाऊक नसतं, तो सरसकट मुंबईकरांना पाठवतो. आमच्याकडे 'आज रात्री साडेनऊला पुरवठा खंडित' असा मेल आला, त्यात जिचं नाव होतं ती कंपनी आमच्या सोसायटीला वीज देतच नाही. शिवाय त्यात ग्राहक क्रमांक नव्हता, आणि संपर्कासाठी कुठलातरी मोबाइल नंबर होता. मॅनेजर घाबरून फोन लावायला निघाला होता. त्याला मागचं बिल काढायला सांगितलं. बिलावरचा ग्राहक क्रमांक घालून कंपनीच्या साइटवर बघितलं, थकबाकी शून्य.

प्राप्तिकराच्या रिफंडचे मेल रिटर्न भरायच्या दिवसांत जास्त येतात. रिफंड फक्त ई-फायलिंग पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात जमा होतो. त्यासाठी कार्ड नंबर, पिन किंवा लिंकवरचा फॉर्म लागत नाही. पोर्टलवर लॉगिन करताना पॅन टाकल्यावर तुम्ही स्वतः ठरवलेला एक संदेश दिसतो. तो कोणी ठरवत नाही, सगळे वगळून पुढे जातात. ठरवून ठेवा. खोट्या पानाला तुमचा संदेश माहीत नसतो.

अटॅचमेंटचं थोडक्यात. 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाइल विंडोजमध्ये 'बिल डॉट पीडीएफ' एवढीच दिसते, कारण शेवटचा तुकडा लपवायची सोय मुळातच चालू असते. ईएक्सई म्हणजे कागद नव्हे, उघडताच चालू होणारा प्रोग्राम. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मधून 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दाखवायला लावा. एचटीएमएल (वेब पानाची) फाइल जोडलेली असेल तर तेच खोटं लॉगिन पान समजा. एपीके, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल, कुणीही पाठवो, उघडायची नाही. पीडीएफमध्ये क्यूआर कोड असेल तर ती चित्रात लपवलेली लिंक आहे, स्कॅन करू नका.

ओळखीच्या माणसाकडून आलेला खोटा मेल

हा प्रकार मला सर्वांत घातक वाटतो, कारण वर सांगितलेल्या खुणा इथे दिसतीलच असं नाही. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत लिफ्टच्या वार्षिक देखभालीचं बिल भरायचं होतं. कंत्राटदाराशी मेलवर बोलणं चालू होतं, आणि त्याच साखळीत उत्तर आलं, "बँकेत ऑडिट चालू असल्याने यावेळची रक्कम खालील खात्यात जमा करावी." खाली जुनी सगळी मेलामेली जशीच्या तशी, बिल नंबर बरोबर, रक्कम पैशापर्यंत बरोबर. खजिनदार काकूंनी नेहमीच्या सवयीने कंत्राटदाराच्या माणसाला फोन केला, "अहो, खातं बदललंत का?" त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्या ऑफिसच्या मेलमध्ये कुणीतरी आधीच शिरून सगळं वाचत बसलं होतं, आणि नेमक्या वेळी एका अक्षराने वेगळ्या पत्त्यावरून उत्तर दिलं होतं.

इथे फोन हाच उपाय आहे, आणि तो नंबर मेलमधला नको, जुन्या बिलावरचा किंवा करारावरचा. कमिटीत ठराव करून टाका की कुठल्याही कंत्राटदाराचं खातं बदललं तर फोनवर खात्री आणि लेटरहेडवर सहीचं पत्र असल्याशिवाय पैसे जाणार नाहीत. ठराव असला की "तातडीचं आहे" म्हणणाऱ्याला नाही म्हणताना कुणाला ओशाळं वाटत नाही. शिवाय एप्रिल २०२५ पासून नेटबँकिंगमधून एनईएफटी, आरटीजीएस करताना खाते क्रमांकावर कुणाचं नाव आहे ते आधी दाखवायची सोय रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केली आहे. ते नाव वाचा. कंत्राटदाराच्या फर्मऐवजी भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा.

क्लिक झालं असेल तर

नुसती लिंक उघडली आणि काही भरलं नाही, तर बहुतेक वेळा पान बंद करणं पुरतं. काही डाउनलोड झालं असेल तर न उघडता पुसा, फोन आणि ब्राउझर अपडेट करा.

पासवर्ड दिला असेल तर दुसऱ्या डिव्हाइसवरून लगेच बदला, आणि तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथेही. पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि महिन्याभराने पुन्हा तेच सुरू होतं. चोराने आत शिरल्यावर पहिलं काम केलेलं असतं ते पासवर्ड बदलल्यावरही वाट उघडी ठेवण्याचं. जीमेल कॉम्प्युटरवर उघडून सेटिंगमध्ये 'फॉरवर्डिंग' बघा, तिथे अनोळखी पत्ता असेल तर तुमचा प्रत्येक मेल त्यालाही जातोय. 'फिल्टर्स' बघा, 'बँक' शब्द असलेले मेल सरळ कचऱ्यात टाकणारा फिल्टर लावलेला असू शकतो. इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे 'डिटेल्स' आहे, त्यात खातं कुठून कुठून उघडलं गेलं ते दिसतं. मग गूगल खात्याच्या सुरक्षा पानावर रिकव्हरीचा नंबर आणि मेल, आणि परवानगी दिलेली बाहेरची ॲप्स तपासा. अनोळखी असेल ते काढा, मग टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा. सोसायटीच्या मेलवर तर रिकव्हरीला दोन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरींचा नंबर सापडतो. पदाधिकारी बदलले की पासवर्डही बदलायचा आणि हा नंबरही.

एपीके बसवली असेल तर फोनचं इंटरनेट आधी बंद करा, कारण असली ॲप ओटीपीचे मेसेज वाचून पुढे पाठवतात. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा. ॲप काढून टाकता येत नसेल तर फोटो आणि कागदपत्रं वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करणं भाग आहे.

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा, मग बँकेच्या हेल्पलाइनवर. दोन माणसं हाताशी असतील तर दोन्ही एकदमच. १९३० वरून तक्रार गेली की पैसे ज्या ज्या खात्यांत सरकले तिथे ते गोठवायचा प्रयत्न होतो, आणि ते काढून घेतले गेले नसतील तोवरच त्याचा उपयोग. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन'वर लेखी तक्रारही नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक बँकेची किंवा तुमची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि तुम्ही ३ कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भार येत नाही. पण ओटीपी किंवा पासवर्ड तुम्ही स्वतः दिला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं धरलं जातं, कळवल्यानंतरचं बँकेचं. लाज वाटते म्हणून किंवा घरचे रागावतील म्हणून लोक रात्रभर गप्प बसतात, आणि तेवढ्या वेळात उरलेलं खातंही रिकामं होतं. कुणी येऊन सांगितलं की अशी लिंक दाबली गेली, तर त्यांना आधी फोन लावून द्या. कसं झालं, का झालं ते नंतर.

पोलिस ठाण्यात जाताना नुसता स्क्रीनशॉट नेऊ नका आणि मेल फॉरवर्डही करू नका, फॉरवर्डमध्ये मूळ मेलची वाटचाल पुसली जाते. 'शो ओरिजिनल'मध्ये 'डाउनलोड ओरिजिनल' आहे, ती ईएमएल फाइल पेनड्राइव्हवर घ्या. तपास पूर्ण होईपर्यंत मूळ मेल डिलीट करू नका. बँकेचं स्टेटमेंट, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला ओळख क्रमांक) आणि १९३० चा तक्रार क्रमांक यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवा. सोसायटीचं खातं असेल तर कमिटीचा ठराव आणि सही करणाऱ्यांची ओळखपत्रंही लागतात.